सातव्या ओळीची मुळं

पिंपळनेरच्या एसटीनं रुमालात बांधून आलेली
अश्वगंधेची मुळं, अजून करंगळीहून बारीक.
ओळीगणिक वेगळी पुडी, वर बॉलपेननं आकडा.
हिरकणबाई सात उलटा लिहितात,
मला सवय झाली आहे.

धुतली. पोटॅशच्या पाण्यात उकळली
रंग जाईस्तोवर. मग निळ्यात घातली.
धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत दुपारभर
घोड्याच्या घामाचा वास.

पेरणीआधी ती पावडर दिली तेव्हा
बाईंनी चिमूट नाकाशी नेली होती.
‘बुरशी म्हंजे भाकरले लागस ती?’
तिची चुलत बहीण, म्हटलं.
ती खाते, ही वाढते.
हसल्या. लेंडीखत चाळलेलं होतंच,
शेवग्याच्या सावलीत गांडुळांचा बेड, ओल्या गोणपाटाखाली.
बियाण्याला गुळाचं पाणी लावून
त्यांनी ती पावडर अशी चोळली
की नातवाला तेल.

आता काचेखाली पहिली ओळ.
पेशीपेशीत निळं झाड,
फांद्याच फांद्या, बुंधा दिसेल न दिसेल.
झाडाच्या पोटात झाड.
तिथून धागे बाहेर, मुळाचा हात पोचत नाही तिथवर,
मुरमाच्या फटीत, स्फुरदाचा कण आणायला.
बदल्यात थोडी साखर.
दुसरी, तिसरी, सहावी, तशीच.
सातवी कोरी.

रविवारी गेले.
सातवीत काय टाकलं, विचारलं.
बुधाआबा बांधावर विझलेली बिडी पुन्हा विझवत होते.
‘मीच टाकं. मूठभर डीएपी.
पिवळी पडनी व्हती बिचारी.’

खरंच, सातवी सगळ्यांत हिरवी होती.
पोट भरलेल्या दारात
पाहुणी थांबलीच नव्हती.

हिरकणबाई सासऱ्यांना काही बोलल्या नाहीत.
खुरप्यानं एक झाड उपटलं सातवीतलं:
पाला ओंजळभर, मूळ सुतळीएवढं.
एक सहावीतलं: पाला बेताचा,
आणि मूळ सरळ, मांसल, माती सोडेना.
वैद्य पाला तोलत नाही, इतकंच म्हणाल्या.

‘मंग हिले आते काय देवानं?’
काही नको, आबा.
‘उपाशी ठेवानी?’
हा शब्द मला खोडता आला नाही.

संध्याकाळच्या गाडीच्या खिडकीतून पाहिलं:
सहावीच्या मुळांशी उकिडवे बसून
म्हातारा ओंजळीत माती घेत होता,
सातवीत नेत होता, सांडू नये म्हणून हळू.

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.