तिसरा कागद

रऊफभाईच्या दुकानात, पंपाशेजारच्या स्टुलावर
पांचाळ एजंटांनी तीन कागद पसरले,
उडू नयेत म्हणून वर ठेवला पाना.

पहिला, वर्षाला बाराशे.
चोरी भरून देणार, पण कुलूप हवं,
कुलपाची पावती हवी,
आणि सायकल बांधलेली हवी स्थावर वस्तूला.
कडुनिंब चालेल का, मी विचारलं.
पांचाळ कागद उलटून बघत राहिले.

दुसरा साडेआठशेत,
फक्त पक्क्या रस्त्यावरचा अपघात.
रऊफभाई चाकाचा आऊट काढता काढता हसला,
"मग परभणीत मॅडम, पडायचं कुठं?"

सात वर्षं जुनी. घसारा धरून
माझ्या सायकलीचे निघाले चौदाशे.
मागच्या महिन्यात टायरच बसवले तेवढ्याचे.

तिसऱ्यात चोरी नाही, मोडतोड नाही.
तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा, एवढंच.
"हा कुणी घेत नाही. यात तुम्हाला काय मिळणार?"
पांचाळ घडी घालू लागले.

वसमत रोड, दोन वर्षांमागची पहाट.
दिवा माझाच बंद.
म्हातारा दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडत होता.
"जाऊ द्या बाई, काय बी नाही झालं,"
म्हणत उठला,
सांडलेल्या दुधातून एक पाय ओढत
उसाच्या कडेनं गेला.
मला ऑफिस गाठायचं होतं.

ठेवा तो, म्हटलं.

फॉर्मवर सहावा प्रश्न:
यापूर्वी आपणाकडून कुणास इजा झाली आहे काय?
हो वर खूण केली.
खाली दोन ओळी मोकळ्या होत्या,
नाव
आणि पत्ता.