सोहार, जुलै

विमानतळावर त्यानं वाळ्याची जुडी हुंगली,
विचारलं, हे काय?
मैमुना म्हणाली, पाणी.
तो हसला, जाऊ दिलं.

इथं सकाळी आठालाच पत्रा हाताला चावतो.
बांधकामावरची पोरं भिंतीला टेकतात
आणि सावकाश खाली घसरतात.
गेल्या आठवड्यात दोघं. एक करीमनगरचा.

झुवैनाकडे तिच्या आजीचा जहला आहे,
घाफच्या फांदीला टांगलेला, अंगभर घामेजणारा.
आमचा माठ तिवईवर बसून असतो,
हिचा वाऱ्यात झुलतो.
भाषा नाही आमच्यात. ती बोट बुडवते,
माझ्या मनगटावर टेकवते:
एवढंच गार. याहून नको.

मग त्यात मैमुनाची मुळी,
माझी गुहागरची आमसुलं, मीठ, भरडलेलं जिरं.
साडेअकराला तिघी गेटाशी.
मुकादम म्हणाला, फ्रिज दिलाय की आम्ही.
झुवैनानं त्याच्याही हातात पेला ठेवला.

करीमनगरच्या पोरानं तिसऱ्यांदा मागितलं.
आता पिवळी होत नाही, अम्मा,
म्हणाला मान खाली घालून.
मी खुणेनं झुवैनाला सांगितलं.
कसं सांगितलं ते विचारू नका,
ओढणी तोंडात धरून ती कितीतरी वेळ हसत होती.

जहला रिकामा. रात्री परत भरायचा.
उद्या पन्नास सांगितलंय.