तक्ता सहाखालची टीप

तक्ता सहामध्ये एक ओळ कमी आहे.
बेरीज जुळते, टक्केवारी शंभर भरते,
तरी कमी आहे.

नमुना क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
मुकुंदा हेडाऊ, वय अठ्ठावन्न, जागनाथ बुधवारी.
सव्वीस वर्षं एका सहकारी बँकेचा पिग्मी एजंट.
दोन वर्षांपूर्वी ती बँक मोठ्या बँकेत विलीन झाली.
मोठ्या बँकेच्या यादीत पिग्मी नावाचं खातंच नव्हतं.

प्रश्न अकरा : आपण नोकरदार होता की स्वयंरोजगारित?
तो हसला.
"तेच तर कोर्टात चालू हाय जी, नऊ वर्षं झाली."
शंभराला तीन रुपये कमिशन. ना हजेरी, ना रजा.
पण बॅग बँकेची, पावतीचं मशीन बँकेचं,
आणि पावणेसहाला मॅनेजर दारात, घड्याळाकडं बघत.
मी 'इतर' लिहिलं.
आमच्या 'इतर'मध्ये फार जागा आहे,
अख्खी इतवारी मावेल.

मग त्यानं मला त्याची वाट तोंडपाठ म्हणून दाखवली :
तीन नल चौक, किराणा ओळ, मस्कासाथ.
तर्री-पोहेवाला रोजचे पन्नास.
चपला शिवणारा दहा, कधी पाच.
बांगड्यांच्या दुकानातली शेवंताबाई वीस,
"नवऱ्याले नका सांगू भाऊ" हे रोज, पावतीसोबत.
"कोणी तीन दिवस नाही दिले का मले समजे,
घरी कोणी आजारी हाय.
चौथ्या दिवशी मी पैसे मागत नव्हतो, पाणी मागत होतो."

हे मी सरांना सांगितलं.
सर म्हणाले, छान आहे, पण किस्सा आहे.
अहवाल अधिवेशनाआधी जायला हवा.
टेकडी रोडवर मोर्चांसाठी बांबू पडलेत,
मंडपवाले दिवसावर घेतलेत
(संकेतांक : नैमित्तिक मजूर),
आणि आमचा आलेख तर वर चाललाय :
दर हजारी खाती, वाढली.
शिल्लक वेगळ्या तक्त्यात आहे.
तो तक्ता परिशिष्टात आहे.

दुसऱ्या भेटीत त्यानंच मला विचारलं,
"विलीन केल्यानं सरकारचं का वाचलं, मॅडम?"
मी म्हटलं, आमचा अंदाज एक्केचाळीस कोटी.
डोळे मिटून त्यानं क्षणभर ओठ हलवले.
"एक कोटी तेवीस लाख."
काय?
"कमिशन."

जाताना त्यानं शाळेची वही काढली, दोनशे पानी.
बॅग नाही, मशीन नाही,
पेनानं आखलेले रकाने, तारखा,
समोर पन्नास, दहा, पाच, वीस.
कालची तारीखसुद्धा.
"भिशीवाली छिंदवाड्याले पळाली तवापासून
लोक मलेच बोलावून राहिले. मी का करू?
महिना भरला का ज्याचे त्याले देतो.
कमिशन नाही घेत. चहा पितो."

मला कायदा माहीत होता.
मीच त्यावर चौदा पानं लिहिली होती :
अनियंत्रित ठेवी, ठेवीदाराचं संरक्षण,
शिक्षेची कलमं.
एक पान तर मला फारच आवडलं होतं.

"हे लिवू नका जी," तो म्हणाला.
विनवणी नव्हती त्यात. पावती फाडावी तसं म्हणाला.

प्रश्न चोवीस : सध्या आपण कोणते काम करता?
पेन्सिल होती हातात.
गल्लीत कुणीतरी कांडप चालू केलं,
मिरचीनं दोघांनाही ठसका लागला.
त्या निमित्तानं जरा वेळ गेला.

अहवाल छापून झाला. कागद जाड आहे.
तक्ता सहामध्ये, त्या रकान्यात, आडवी रेघ आहे.
खाली बारीक अक्षरात :
स्रोत, प्रत्यक्ष भेटी.