पाना

शरणपुरात माझी एकच खोली.
तिला दार आहे, पण ते रस्त्याकडचं;
आत नुसता पडदा, कोयऱ्यांच्या नक्षीचा.
प्रभूनं सांगितलंय, प्रार्थना करायची तर
आत जा, दार लाव, कुणी बघायला नको.
म्हणून मी मोरीत जाते.
कडी घालते, बादली पालथी करून बसते.
नळ गळत असतो. त्याला मी काही म्हणत नाही.

सात महिने एकच वाक्य:
आमोसला फोन करू दे.
आधी त्याला पुढेमागे शब्द लावायचे,
हे दयासागरा, हे कृपावंता,
पाळकसाहेब लावतात तसे.
एकेक करून ते गळाले.
फार बोललं म्हणजे जास्त ऐकू जातं असं नाही,
हेही त्यानंच सांगून ठेवलंय,
आणि खरं म्हणजे
हल्ली मला दमही लागतो.

रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत नऊ पोरं.
प्रत्येकाच्या तळहातावर मोहरीचा एक दाणा ठेवला,
म्हटलं, एवढा विश्वास पुरे, डोंगर हलेल.
"कुठला, बाई? पांडवलेण्याचा?
तो हलला तर हायवेचं काय?"
चौघांचे दाणे फरशीच्या फटीत गेले.
येहूनं आपला खाऊन टाकला.
"कडू नव्हता," म्हणाला.

मग मध्यरात्रीच्या मित्राची गोष्ट.
घरी अवेळी पाहुणा, टोपलीत भाकरी नाही,
हा जाऊन शेजाऱ्याचं दार वाजवतो.
आतला म्हणतो, पोरं झोपलीत, कडी घातलीय, जा बाबा.
हा जात नाही. वाजवतच राहतो.
शेवटी तो उठतो, वैतागून का होईना.
एस्तेर म्हणाली, "म्हणजे देवही वैतागतो?"
नाही गं. वैतागणारासुद्धा देतो,
मग जो बापच आहे तो देणार नाही?
सांगताना मला पटलं होतं.
घरी पोचेपर्यंत पुरलं नाही.

सीबीएसला कोर्टाबाहेर मी बाया पाहिल्यात,
प्लास्टिकच्या पिशवीत कागद, पायरीवर बसलेल्या,
तारीख पडते, उठतात, पुन्हा येतात.
त्यांच्याइतकं चिवट मला होता येत नाही.

त्या रात्री निफाडला पारा चारावर होता,
इथं सहा असेल.
शाल गुंडाळून मोरीत बसले,
"आमोस" म्हटलं
आणि दार वाजलं.
क्षणभर, वेडी मी, वाटलं तोच.

"सालोमीताई!"
वरची निरगुडेबाई.
मी हलले नाही. प्रार्थनेत आहे ना मी.
पुन्हा वाजलं.
मनात म्हटलं, कडी घातलीय.
तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा कानशिलं तापली:
इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना
मी स्वतःला कायम दाराबाहेर उभी केली होती.

"दादांचा पाना आहे का हो?
सासऱ्यांचा ऑक्सिजन संपला,
नवा सिलिंडर आणून ठेवलाय, त्याचा व्हॉल्व्ह फिरत नाही."
शांतवन सातपूरला फिटर होता.
जाऊन चार वर्षं झाली. पाने मी विकले नव्हते,
तेलकट फडक्यात, पलंगाखालच्या पेटीत.
कुठल्या मापाचा, मला काय ठाऊक!
सगळेच पदरात घेतले आणि जिना चढले.

पाचवा बसला.
बारीक सुस्कारा आला लोखंडातून,
थोड्या वेळानं म्हाताऱ्याच्या छातीतूनही.
निरगुडेबाईनं भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले.
मी डोळे मिटले, बोलले काहीच नाही.
हाताला शांतवनच्या कामाचा वास येत होता.

आमोसचा फोन आलेला नाही.

रविवारी एस्तेरनं पुन्हा हात वर केला.
"पण बाई, तो पाहुणा?
इतक्या रात्री आलेला?
त्याचं पोट भरलं का?"

पंचवीस वर्षं शिकवतेय.
त्या पाहुण्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.
"विचारून सांगते," म्हटलं.