चौथ्यात गप्प

वानाद्झोरच्या या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला
हामाझास्प आधी एकच सांगतो :
आवाज तोंडाने काढून दाखव.

मग टॅक्सीवाला गाल फुगवून घर्रर्र करतो,
रसायनशास्त्राच्या बाई इकडेतिकडे बघून
हळूच म्हणतात, खट्… खट्… आणि लाजतात.
पाद्री नुसताच खोकतो.
लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा हा विनोद आहे.
मीही पहिले चार महिने हसत होतो
पाने पुसता पुसता.

आज अर्शालुइस आली, खालच्या दरीतून.
निवाच्या मागच्या सीटवर मधाच्या पेट्यांच्या रिकाम्या चौकटी,
गिअरच्या दांड्याला मेण लागलेलं.
म्हणाली, राणी मेलेल्या पेटीला कधी कान लावलायस?
तसं. लांबलचक ऊंऊं.
कुणी रागावलेलं नाही,
पण घरात कुणाचं कुठेच लक्ष नाही, असं.

कधी येतो?
चढावर. दुसऱ्यात, तिसऱ्यात.
क्लच दाबलास की?
थांबतो.
आणि उभ्या गाडीत, न्यूट्रलला?
बारीक असतो. नवरा म्हणतो भास आहेत,
आणि रेडिओ मोठा करतो.

निघालो तिघं.
मी मागे, चौकटींमध्ये अंग चोरून.
पहिला : सुंईंई.
दुसरा : सुंईंई, आणि त्यात वाळूचे चार कण.
तिसरा : तेच, वरच्या पट्टीत.
मग बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीलगत सपाट रस्ता लागला,
तिने चौथा टाकला
आणि गाडी एकदम शहाण्यासारखी वागू लागली.
फक्त टायर. फक्त वारा.
पाचवा टाकताच पुन्हा तक्रार सुरू.

मी पुढे वाकून सांगणार,
तोच आरशात हामाझास्प दिसला :
डोळे मिटलेले, कपाळावर आठी.
तिसऱ्यात जी आठी होती
चौथ्यातही तीच होती.

तेव्हा मला कळलं.
याच भिंतीच्या आत तीस वर्षं
कॉम्प्रेसरशेजारी उभा होता हा माणूस.
वरचे सूर केव्हाच गेलेत त्याचे.
लोकांच्या तोंडाकडे तो बघतो ते गंमत म्हणून नाही,
ओठांवरून, गालांवरून,
गळ्याच्या वरखाली होणाऱ्या हाडावरून
तो आवाज वेचून घेतो.

परत आलो. गाडी वर चढवली, इंजिन चालूच.
त्याने लांब स्क्रू ड्रायव्हर काढला,
टोक गिअरबॉक्सच्या पोटाला टेकवलं
आणि लाकडी मूठ दातांत धरली.

जबडा थरथरला.
आधी पुढे, इनपुटच्या बेअरिंगपाशी. नाही.
मग खाली.
मग वीतभर मागे, आणि तिथे थांबला.
लाळ मुठीवरून ओघळली, पुसली नाही.
मूठ तशीच तोंडात ठेवून त्याने विचारलं,
तिला नाही, मला :
चौथ्यात?

गप्प, मी म्हणालो.

पुढच्या ड्राइव्हशाफ्टचं, ट्रान्स्फर केसचं बोलायची मग गरजच उरली नाही.
तिथलं दुखणं असतं तर चौथ्यातही रडली असती.
चौथ्यात ताकद सरळ वरच्या वर निघून जाते,
खालच्या शाफ्टवर भार पडत नाही.
काउंटर शाफ्ट, मागचं बेअरिंग.
तेल सोडलं तर बोटावर चंदेरी चूर आला,
माशाच्या खवल्यांच्या कुटासारखा.

अर्शालुइस वाकून बराच वेळ ते बोट बघत राहिली.
म्हणजे होता ना आवाज?
होता, हामाझास्प म्हणाला. मी चावलाय तो.

ती बसने गेली. किल्ली खिळ्याला अडकवली.
मी स्क्रू ड्रायव्हर पुसायला घेतला.
मुठीवर दातांचे ताजे व्रण,
त्यांच्याखाली जुने, त्यांच्याखाली आणखी जुने, काळे पडलेले.
इतके दिवस मला वाटायचं,
उंदरांनी कुरतडलीय.