बारा फ्रेमांची माया

नऊ मिनिटं चाळीस सेकंद.
एवढ्यात प्रेम बसवायचंय, म्हणाली ब्रॉनवेन,
हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवली
आणि चिप्स आणायला खाली गेली.

क्लीथॉर्प्सला समुद्र दिवसातून दोनदा निघून जातो,
इतका लांब, की किनाऱ्यावरच्या माणसाला
त्याचा पत्ता विचारावासा वाटतो.
त्या ओल्या चिखलाकडे तोंड करून डेक्लन उभा आहे.
कॉलर वर, नाक लाल.
मंगळवार, दुपारचे तीन.

टेमी आली शनिवारी.
मंगळवारी तिची गाडी डॉन्कास्टरला अडकली होती
आणि शनिवारी डेक्लनची गोदामात पाळी.
दोघांचा मिळून एकही शॉट नाही.
तिच्या क्लोजअपमध्ये कडेला जो खांदा दिसतो, धूसर,
तो लाइटवाल्या नॉर्मनचा.
कोट तेवढा डेक्लनचा.
नॉर्मन एकसष्ट वर्षांचा आहे.

आधी त्याची नजर: डावीकडे, किंचित खाली.
मग तिची: उजवीकडे, किंचित वर.
मंगळवारचं करडं आभाळ आणि शनिवारचं निळं
एकाच रंगात बुडवून पिळून काढलं.
जोडलं. चालवलं.
आणि लागली की हो नजरेला नजर.

खरं तर तो बघत होता एका कुत्र्याकडे,
कुणाच्या तरी सँडविचवर टपलेल्या.
साउंडवर त्याचा आवाजही आहे: गेलं, गेलं ते सँडविच.
मी आवाज काढला, खाली थोडा वारा घातला.
उरली ती ओढ.

बाबा इचलकरंजीत शिवणकाम करायचे.
पोलकं बेतताना म्हणायचे,
रेघेवरून कापू नकोस गं, माया सोड.
अर्धं बोट माया असली
की बाई अंगानं भरली तरी पोलकं फाटत नाही.
मी शॉटच्या दोन्ही टोकांना
बारा-बारा फ्रेम माया सोडते.
हसणं संपल्यावर चेहऱ्यावर जे मागे राहतं, तेवढी.
मान वळवण्याआधी माणूस जो श्वास घेतो, तेवढी.

ब्रॉनवेन तेलकट बोटांनी पडद्याकडे दाखवते: किस कुठाय?
म्हटलं, तुम्ही शूटच केला नाहीत.
मग?
मग मी स्टेशनच्या बाकावर ठेवलेले दोन कागदी कप दाखवले.
एकातून वाफ येतेय,
दुसऱ्यातून कधीची थांबलीय.
सहा सेकंद, काही न हलता.
तिची चिप्स हातातच राहिली.

रात्री व्हिडिओवर बाबा दिसतात, म्हणजे त्यांच्या पापण्या.
किती वेळा सांगितलं, वरच्या त्या ठिपक्याकडे बघा,
म्हणजे माझ्याकडे बघितल्यासारखं होईल.
म्हणतात, तिथे कुठे आहेस तू?
तू तर खाली आहेस.

मार्चमध्ये ग्रिम्सबीला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दाखवली.
साठ खुर्च्या, एकतीस माणसं.
कपांच्या शॉटला दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी
पर्स उघडली, रुमाल काढला,
आणि पर्स बंद करायच्या विसरल्या.

दिवे लागल्यावर डेक्लन टेमीपाशी गेला. हात पुढे केला.
आपण भेटलो नाही कधी.
हो ना, म्हणाली ती. तुम्ही उंच आहात बरेच.
मग दोघंही कागदी प्लेटा धरून उभे.
तो बघे तेव्हा ती समोशाकडे,
ती बघे तेव्हा तो दाराकडे.
एक नजर जुळेना.
खिशात माझं बोट उगीचच
कट मारायचं बटण शोधत राहिलं.
बारा फ्रेम गेल्या. चोवीस गेल्या.
चांगलं अर्धं मिनिट गेलं.

मग त्याने विचारलं,
शूटिंगच्या दिवशी तो कुत्रा पाहिलात का तुम्ही?

कुठला कुत्रा, म्हणाली ती,
आणि प्लेट खाली ठेवली.