शाप तेवढा सांगत नाही

शनिवारी रात्री, धनकवडीत, जुई बेंडाळेच्या फ्लॅटवर
आम्ही पाच जण एका मेलेल्या राजाचं तळघर उघडतो.
फासे टाकायला डब्याचं झाकण, त्यात जुन्या शालीचा तुकडा,
कारण खालच्या परचुरेबाईंना
वीस बाजूंचा आवाज झोपू देत नाही.

लग्नपत्रिकांचे पुठ्ठे जोडून केलेल्या आडोशामागून
जुई सांगते:
शवपेटीत हाडं. हाडांत एक अंगठी.
थंड. आतून काहीतरी कोरलेलं,
तुम्हाला येत नाही अशा लिपीत.

सगळे माझ्याकडे बघतात.

औदुंबर काजळे, जादूगार, पातळी पाच.
वस्तू ओळखायचा मंत्र फक्त मला येतो.
शंभर मोहरांचा एक मोती लागतो, घुबडाचं पीस,
आणि अख्खा तास;
तेवढा वेळ अश्फाकचा बुटका कुऱ्हाड घेऊन दारात.

सलीलला धीर नसतो.
"घाल ना बोटात. फार तर काय होईल?"
गेल्या वर्षी असंच म्हणत त्याने एक शिरस्त्राण घातलं
आणि चार शनिवार फक्त खरं बोलला.
चौथ्या शनिवारी खेळ संपल्यावर, जिन्यातसुद्धा.
ते अजून निस्तरतोय.

दिवसा मी रविवार पेठेत असतो,
पतसंस्थेच्या काचेमागे, सोनं तपासायला.
पाटल्या येतात, बोरमाळा, ठुश्या,
एकदा बाळाच्या बिंदल्या.
काळ्या दगडावर रेघ ओढायची,
ॲसिडचा थेंब टाकायचा,
रेघ टिकते की विरते बघायचं.
बावीस कॅरेट. लाख वजा, खडे वजा.
इतकं मी छातीठोक सांगतो.

मंगळवारी एक बाई उरुळीहून आल्या.
तोडे काढून ठेवले
आणि दोन्ही मनगटं काउंटरखाली नेली.
मी म्हटलं, चोख आहेत.
त्या म्हणाल्या, "हो का?"
जसं काही मी
भलत्याच कुणाबद्दल बोलत होतो.

पुस्तकात बारीक अक्षरात नियम आहे:
मंत्र सगळं सांगतो,
वस्तू काय करते, दिवसातून किती वेळा, कुणाच्या हाती.
शाप तेवढा सांगत नाही.
तो घातल्यावर कळतो.
यावरून मी जुईशी दोनदा भांडलोय.
मोती खर्च करायचा, तर सगळं कळायला नको?
"नको," म्हणते, आणि चिवड्यातले दाणे वेचत बसते.

एकदा मी होता तो मोती एका चमच्यावर घालवला.
गुहेत एकटाच पडलेला, लखलखीत, धुळीचा कण नाही.
तास गेला. मोत्याची भुकटी झाली.
जुईने तिचे कागद उलटेपालटे केले, वर पाहिलं:
"चमचा आहे."
अश्फाक खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

मी तो टाकला नाही.
दोन वर्षं माझ्या यादीत आहे,
दोरखंड आणि गंजक्या बिचव्याच्या मधे:
चमचा (तपासलेला).
जवळच्या सगळ्या चीजवस्तूंत
खात्री आहे ती त्या एकाची.

आज मोती नाही.
आणि जुईने आज अंगठी खरीच आणलीय,
जुन्या बाजारातून, रुमालात गुंडाळून. "धरून बघा."
माझ्या हातात आली तशी मी सवयीने तोलली.
"पितळ. चार ग्रॅम, थोडी कमीच."
"अरे!" सगळे एकदम ओरडले.
खालून परचुरेबाईंनी छताला झाडू ठोकला.

मग थोडा वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर कात्रजच्या चढाला एक ट्रक
गिअर बदलत राहिला.

घालतो, मी म्हटलं.
कुठल्या हातात?
उजव्या.

जुईने आडोशामागे फासा टाकला.
पाहिला.
पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, बराच वेळ.
"बरं," म्हणाली,
"पुढे चला."